गोव्याच्या दमट हवेत घरचा साबण: वजनापासून वाळवणीपर्यंत

घरी केलेला साबण दाखवायला माझ्याकडे जे कोणी येतात, त्यांच्या तक्रारी बहुतेक तीनच असतात. वडीला घाम सुटतो आणि ती हाताला चिकटते. कापायला गेले की सुरीखाली तुकडे उडतात. आणि तिसरी, जी ऐकली की मला खरोखर काळजी वाटते: अंघोळीनंतर अंगाची आग होते. पहिल्या दोन तक्रारींत त्रास साबणापुरता असतो, तिसरीत माणसाला इजा होते.

माझ्याही पहिल्या घाण्याचे हेच झाले होते. ऑगस्ट महिना, माप वाटीचे, कॉस्टिक सोडा चमच्याने. वडी दिसायला सुरेख झाली होती. आत मात्र साखरेच्या दाण्याएवढे पांढरे खडे राहिले होते, आणि ती वडी आईने कपडे धुवायला घेतली. तिची बोटे दोन दिवस लाल होती. तेव्हापासून वजनकाट्याशिवाय मी या कामाला हात लावत नाही. तुम्हीही लावू नका.

खाली दिलेली कृती थंड पद्धतीच्या, म्हणजे मिश्रण न शिजवता करायच्या साबणाची आहे. एकूण तेल ५०० ग्रॅम, म्हणजे साधारण १०० ग्रॅमच्या सात वड्या होतात. पहिल्यांदा करणाऱ्याने एवढेच करावे. दुप्पट करण्याचा मोह टाळा.

एक गैरसमज आधी दूर करते. "कॉस्टिक नसलेला नैसर्गिक साबण" असा प्रकार नसतो. तेल आणि अल्क (इथे कॉस्टिक सोडा) यांची प्रक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. वजन बरोबर असेल आणि वडी पुरती मुरली असेल, तर तिच्यात मोकळे कॉस्टिक उरत नाही. ज्यांना कॉस्टिक हाताळायचेच नाही, त्यांनी बाजारात मिळणारा तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतावा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्यातही साबण कॉस्टिकनेच झालेला असतो. ते काम दुसऱ्या कोणी करून दिलेले असते, एवढेच.

१. दिवस आधी ठरवा

साबण कधी करायचा, हा प्रश्न गोव्यात पहिला. बाहेरचे व्हिडिओ पाहून करणारे इथेच चुकतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की वडी वाळत नाही, उलट हवेतले पाणी ओढून घेते. कॉस्टिकचे पाकीट उघडले की पापुद्रे काही मिनिटांत ओले होऊन एकमेकांना चिकटू लागतात, आणि ओले कॉस्टिक तोलले की त्यात पाण्याचेही वजन येते.

तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस उत्तम. तेव्हा ओतलेला साबण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला अगदी वेळेवर तयार होतो. फेब्रुवारी-मार्चही चालतो. एप्रिल-मेमध्ये करायचाच असेल तर सकाळी लवकर करा, कारण त्या उष्म्यात साचा आतून फार तापतो. त्याबद्दल पुढे सांगते.

सलग दीड-दोन तास मिळतील, दाराची घंटा वाजली तरी उठावे लागणार नाही, आणि लहान मूल किंवा मांजर पायात येणार नाही, असा दिवस निवडा.

२. साहित्य

खोबरेल तेल: ३५० ग्रॅम
भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल): ५० ग्रॅम
तिळाचे तेल: ७५ ग्रॅम
एरंडेल: २५ ग्रॅम
कॉस्टिक सोडा: ७५ ग्रॅम
पाणी: १५० ग्रॅम

खोबरेल फेस आणि कडकपणा देते. नुसत्या खोबरेलाचा साबण अंग फार कोरडे करतो, म्हणून बाकीची तेले. एरंडेलाने फेस टिकतो. भिरंडेलाने वडी घट्ट होते आणि कातडीला ओढ लागत नाही.

तेलघाण्यावरचे खोबरेल चांगलेच, पण घरी नारळाचा रस उकळून काढलेले तेल असेल तर त्यात पाणी राहिलेले असते. ते मंद आचेवर तापवा. तडतड पूर्ण थांबली की पाणी गेले असे समजा, आणि गाळून घ्या. तळणीचे उरलेले तेल वापरू नका. त्याचा साबण लवकर खवट होतो.

भिरंडेल बाजारात पिवळसर पांढऱ्या गोळ्यांत मिळते. घरगुती गोळ्यात बियांचा चुरा आणि थोडे पाणी अडकलेले असते, कारण ते काढतानाच कुटलेल्या बिया पाण्यात उकळून वर आलेला थर घेतात. गोळा वितळवून जुन्या मलमलीतून गाळा, थंड होऊ द्या, खाली पाणी साचले असेल तर वरचा घट्ट भाग उचलून तळ खरवडून टाका. मगच तोला. उरलेले भिरंडेल टाचांच्या भेगांना तसेच चोळा, त्यात काही मिसळायची गरज नाही.

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पाकिटावर हे नाव आणि शुद्धता लिहिलेली हवी. ९७-९८ टक्के असेल तर पुरे. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा सोडा वेगळा. त्यांनी साबण होत नाही. मोरीचा पाइप मोकळा करायची जी पूड मिळते, तिच्यात कधी कधी ॲल्युमिनियमचे कण किंवा इतर रसायने असतात. ती घेऊ नका.

पाणी डिस्टिल्ड घ्या. आपल्या जांभ्या जमिनीतल्या विहिरींच्या पाण्यात पुष्कळ ठिकाणी लोह उतरते. त्या लोहाने साबणातले तेल लवकर बिघडते आणि महिन्या-दोन महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके येतात.

तपासा: कॉस्टिकचे पापुद्रे सुटे आणि कोरडे आहेत का? डबा हलवला की खळखळ आवाज यायला हवा. गठ्ठा झाला असेल तर ते साबणासाठी बाद. खर्चाचा विचार करून वापरू नका, कारण त्यात खरे कॉस्टिक किती उरले हे काट्यावर कळत नाही.

३. भांडी

स्टेनलेस स्टील, जाड पॉलिप्रॉपिलीनचे प्लास्टिक आणि सिलिकॉन, एवढेच. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा असतो.

ॲल्युमिनियमचा टोप चुकूनही नको. कॉस्टिक त्याला खाते आणि हायड्रोजन वायू सुटतो, जो पेट घेतो. तांब्या-पितळेची भांडी नकोत. काचेचा ग्लास किंवा बरणी कॉस्टिकच्या पाण्यासाठी वापरू नका. उष्णतेने ती तडकू शकते, आणि तडकली की पाणी तुमच्या पायावर येते. लाकडी डाव किंवा रवी अल्क शोषून घेते आणि तिचे कुसळ सुटते.

हँड ब्लेंडर लागेल. त्याचा दांडा स्टीलचा आहे का बघा. चटणीच्या मिक्सरमध्ये हे मिश्रण फिरवू नका. बंद भांड्यात गरम अल्क फिरवले की झाकण उडू शकते.

या कामाची भांडी वेगळी ठेवा, त्यावर रंगाने खूण करा आणि पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

साच्यासाठी सिलिकॉनचा पावभांड्याच्या आकाराचा साचा सर्वांत सोपा. नसेल तर आइसक्रीमचा साधारण एक लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि आत बटर पेपर नीट दुमडून लावा.

४. जागा आणि अंगावरचे कपडे

कॉस्टिक पाण्यात पडले की उग्र वाफ येते. घसा धरतो, डोळे चुरचुरतात. म्हणून तेवढे काम वसरीवर किंवा उघड्या खिडकीशी करा, वाऱ्याकडे पाठ ठेवून उभे राहा आणि भांड्यावर वाकू नका.

पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा ब्लाउजवर जुना शर्ट, रबरी हातमोजे, डोळ्यांना बाजूने बंद होणारा चष्मा, पायात चप्पल नको तर बंद बूट. रोजचा नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो, तो पुरत नाही. चष्मा हा एकच खर्च मी कोणाला कमी करू देत नाही.

कातडीवर उडाले तर: वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धरा. त्यावर व्हिनेगर, लिंबू, कोकमाचे आगळ काहीही लावू नका. आंबट लावले की कातडीवरच आणखी उष्णता निर्माण होते. व्हिनेगर ओटा पुसायला ठेवा.

डोळ्यात गेले तर: पापणी उघडी धरून २० मिनिटे तरी पाणी ओतत राहा आणि मग थेट रुग्णालयात जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

पोटात गेले तर: ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. लगेच रुग्णालय. कॉस्टिकचे पाणी पिण्याच्या बाटलीत किंवा तांब्यात, एका मिनिटासाठीसुद्धा, ठेवू नका. घरात दुसरे कोणी आहे आणि त्याला ते काय आहे हे माहीत नाही, एवढे ध्यानात धरा.

५. वजन

सगळे ग्रॅममध्ये तोला. तेलसुद्धा, पाणीसुद्धा. एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा चालेल.

मिलिलिटर आणि ग्रॅम यांत काय फरक पडतो, असे बऱ्याच जणी विचारतात. ५०० मिलिलिटर तेल भरते साधारण ४६० ग्रॅम. म्हणजे वाटीने घेतले तर ४० ग्रॅम तेल कमी पडले आणि कॉस्टिक मात्र तेवढेच राहिले. अंगाची आग होते ती अशाच हिशोबातून.

हिशोब समजून घ्या, म्हणजे पुढे तेल बदलताना चूक होणार नाही. १०० ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८.३ ग्रॅम कॉस्टिक लागते. भिरंडेलाला १३.५, तिळाच्या तेलाला १३.४, एरंडेलाला १२.८. वरच्या मापात खोबरेलाचे ६४, भिरंडेलाचे ६.७५, तिळाचे १०, एरंडेलाचे ३.२, मिळून ८४ ग्रॅम झाले. आपण घेतो ७५. मुद्दाम दहा-अकरा टक्के कमी, म्हणजे थोडे तेल साबणात मोकळे राहते आणि अंग कोरडे पडत नाही. काट्यात एखाद्या ग्रॅमचा फरक पडला तरी या जादा तेलात तो सामावतो. पण तिळाचे तेल संपले म्हणून त्या जागी ७५ ग्रॅम खोबरेल घातले, तर कॉस्टिकची गरज पावणेचार ग्रॅमने वाढते आणि सगळा हिशोब पुन्हा करावा लागतो. "तेल ते तेल" असे इथे चालत नाही.

तेले तोलून एका टोपात, पाणी तोलून दुसऱ्यात. कॉस्टिक सर्वांत शेवटी तोला, कारण डबा उघडा राहिला की ते हवेतले पाणी ओढते. तोलून झाले की डबा लगेच घट्ट बंद करा, वर "विष" असे लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवा.

तपासा: कागदावर सहा ओळी लिहा आणि तोललेल्या प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण करा. मध्येच फोन आला आणि एरंडेल घातले की नाही हे आठवेना, तर पुढे जाऊ नका. टोप रिकामा करून काट्यावर ठेवा आणि पुन्हा मोजा.

६. कॉस्टिकचे पाणी

कॉस्टिक पाण्यात घालायचे. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही. उलटे केले तर पाणी जागच्या जागी उकळून अंगावर उसळते. हे वाक्य कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवा.

स्टीलच्या उंच भांड्यात पाणी घ्या. आपल्याकडच्या उकाड्यात मी १५० ग्रॅमपैकी निम्मे वजन डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फाचे घेते. त्याने वाफ पुष्कळ कमी होते. कॉस्टिक तीन-चार वेळा थोडे थोडे सोडा आणि प्रत्येक वेळी स्टीलच्या लांब दांड्याच्या चमच्याने ढवळा. सगळे एकदम टाकले आणि ढवळले नाही, तर तळाशी दगडासारखी खापरी धरते.

पाणी आधी दुधाळ होते, भांडे बाहेरून धरवत नाही इतके तापते, आणि ढवळता ढवळता तळ दिसू लागतो. बर्फ नसेल तर तापमान ८० अंशांच्या वर जाऊ शकते. पाणी काचेसारखे स्वच्छ झाले आणि तळाशी एकही कण उरला नाही, म्हणजे विरघळले. भांडे साध्या पाण्याच्या परातीत ठेवा आणि जवळच थांबा.

७. तेले तापवणे

भिरंडेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळते, म्हणून आधी ते आणि खोबरेल मंद आचेवर एकत्र वितळवा. गोळा पूर्ण नाहीसा झाला की आच बंद करा आणि मग तिळाचे तेल व एरंडेल घाला.

आता दोन्हीकडचे तापमान ४० ते ४५ अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर घ्या, महाग नसतो. तो नसेल तर दोन्ही भांडी बाहेरून हात लावून "कोमट, पण थंड नव्हे" अशी जाणवली पाहिजेत. बोट आत घालून बघू नका.

घाई करून गरम मिसळले तर मिश्रण झपाट्याने घट्ट होते. फार थांबलात तर भिरंडेल पुन्हा गोठू लागते, मिश्रण दाट दिसते आणि साबण झाल्याचा भास होतो. तासाभरात साच्यात तेल वर येते. ही खोटी दाटी कोकमाच्या तेलाच्या साबणात फार जणांना फसवते.

८. मिसळणे

कॉस्टिकचे पाणी चाळणीतून तेलात सोडा, बारीक धारेने. आधी ब्लेंडर बंद ठेवून त्यानेच हळू ढवळा, मग पाच-सात सेकंद चालवा, पुन्हा बंद करून ढवळा. पाते नेहमी मिश्रणात बुडालेले हवे. वर उचललेत तर थेंब उडतील.

रंग पिवळसर पारदर्शक असतो तो हळूहळू दुधी होतो. कडेला तेलाचे तवंग दिसेनासे होतात. ब्लेंडर बंद करून उचलला की पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ काढून मग विरते. दाटी आंबोळीच्या पिठाएवढी. यालाच साबण करणारे ट्रेस म्हणतात. इथे थांबा. श्रीखंडाएवढे दाट होईपर्यंत फिरवत बसलात तर साच्यात हवेच्या पोकळ्या राहतात.

तपासा: चमचाभर मिश्रण स्टीलच्या वाटीत घेऊन दोन मिनिटे तसेच ठेवा. तेल वेगळे झाले नाही तर पुढे चला. झाले तर टोपातले मिश्रण जरा कोमट करून पुन्हा फिरवा.

९. सुगंध आणि रंग

इथे हात आखडता ठेवा. सर्वांत जास्त साबण मी याच टप्प्यावर बिघडलेले पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी हेतू चांगलाच होता.

कडुलिंबाचा ताजा पाला वाटून घातला की पहिले आठ दिवस हिरवागार, मग तपकिरी, आणि ओल्या वाटणाचा जाड थर कुठे राहिला तर तिथे कुजण्याचा वास. वाळवून वस्त्रगाळ केलेली पूड एक लहान चमचा पुरे. जास्वंदाचा लाल रंग अल्कात टिकत नाही, राखाडी-तपकिरी होतो. हळद अर्धा चहाचा चमचा. त्याहून जास्त घातली तर पंचा पिवळा होतो. नारळाचा रस, मध, गूळ आणि कोरफडीचा ताजा गर यांत साखर असते, ती अल्कात तापते. गोव्यातल्या उकाड्यात असा साचा मधोमध फुगून फुटतो. पहिल्या घाण्यात यांतले काही नको.

सुगंधासाठी गवती चहाचे तेल ५ ग्रॅम. लवंग आणि दालचिनीची तेले घालू नका. ती मिश्रण हातातल्या हातात घट्ट करतात आणि कातडीलाही झोंबतात. अत्तराच्या नावाने मिळणारे सगळेच साबणाला चालत नाही.

घरात कोणाला दमा किंवा कातडीचा त्रास असेल तर सुगंध टाळा. बिनवासाचा साबण मला स्वतःला जास्त आवडतो. भिरंडेलाचा मंद, लोण्यासारखा वास त्यात राहतो.

१०. साच्यात ओतणे

ओता, साचा दोनदा ओट्यावर आपटा म्हणजे हवा निघेल, आणि वर बटर पेपर झाका.

ब्लँकेटमध्ये गुंडाळू नका. ती सूचना थंड देशांसाठी आहे. खोबरेलाचा साबण स्वतःच तापतो, आणि आपल्याकडे बाहेरची हवाही तापलेली असते. साचा सिमेंटच्या किंवा शहाबादी लादीवर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. तासाभराने मधला भाग काळपट, ओलसर दिसेल आणि साचा हाताला गरम लागेल. हे ठीक आहे. मध्येच भेग पडू लागली तर जास्त तापला. त्याला आणखी थंड जागी हलवा.

भांडी लगेच धुऊ नका. हातमोजे घालूनच कागदाने पुसून एका दिवसासाठी बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यावरच्या थराचा साबण झालेला असतो आणि पाणी लागताच फेस होऊन निघून जातो.

११. कापणे

"चोवीस तासांनी कापा" असे सगळीकडे लिहिलेले असते. ते ऑलिव्ह तेलाच्या साबणाला ठीक. खोबरेल जास्त असलेला साबण चोवीस तासांत इतका कडक होतो की सुरी लावली की कडा ढासळतात.

सहा तासांपासून दर तासाला बघत जा. हातमोजा घालून कोपऱ्यात अंगठा दाबा. ताज्या पनीरपेक्षा जरा घट्ट लागले, ठसा उठला पण बोटाला चिकटले नाही, की कापा. माझ्या अनुभवात हिवाळ्यात आठ ते बारा तास लागतात. रात्री ओतून झोपलात तर सकाळी उशीर होतो, म्हणून काम सकाळीच सुरू करा.

पातळ पात्याची लांब सुरी, एक सरळ दाब. करवतीसारखी पुढेमागे नको. वड्या अडीच सेंटीमीटर जाड असू द्या.

१२. वाळवणे

हा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत दुर्लक्षित. साबण दोन-तीन दिवसांत तयार झालेला असतो, पण त्यात पाणी असते. ते निघून गेल्याशिवाय वडी मऊ राहते आणि न्हाणीघरात आठ दिवसांत विरघळते.

वड्या बांबूच्या सुपात किंवा प्लास्टिकच्या जाळीवर, एकमेकांपासून दोन बोटे अंतर ठेवून मांडा. लोखंडी जाळी नको. गंज लागून तिथेच नारिंगी डाग पडतात. स्वयंपाकघर नको, न्हाणीघराला लागून असलेली खोली नको. उन्हातही ठेवू नका. दिवसातून काही तास पंखा, आणि दर दोन-तीन दिवसांनी वडी उलटवा.

किती दिवस? हिवाळ्यात चार ते सहा आठवडे. पण दिवस मोजण्यापेक्षा वजन करा. एका वडीवर खूण करून तिचे वजन दर रविवारी लिहा. पहिल्या आठवड्यांत ते भराभर उतरते, मग उतरण मंदावते. सलग दोन आठवडे वजन तेच राहिले की वडी वाळली. पावसाळ्यात केलेल्या वडीचे वजन पुन्हा वाढलेले तुम्हाला दिसेल.

वाळलेल्या वड्या कोरड्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात टिकतील. एकदा वडी वापरायला काढली की तिला जाळीची साबणदाणी द्या. पाण्यात बसली तर कितीही मुरलेली वडी लिबलिबीत होते.

१३. वापरण्याआधी तपासणी

वडी कापून आत बघा. पांढरे, टणक, चुरचुरीत खडे किंवा पाण्याने भरलेले कप्पे दिसले तर तो घाणा अंगाला लावू नका, भांड्यांना किंवा कपड्यांनाही नको. ते न विरघळलेले कॉस्टिक असू शकते.

पीएच कागद (अल्क किती तीव्र आहे हे रंगाने दाखवणारा) असेल तर वडी ओली करून फेसावर लावा. ९ ते १० च्या आसपास यायला हवे. ११ किंवा जास्त आले तर आणखी दोन आठवडे ठेवा आणि पुन्हा बघा. तरीही उतरले नाही तर टाकून द्या.

जुनी खात्रीची पद्धत जिभेची आहे. खडे नसलेल्या, पीएच ठीक आलेल्या आणि आठवडाभर तरी वाळलेल्या वडीवरच ती करा. ओले बोट वडीवर चोळून जिभेच्या टोकाला जरासे लावा. नुसती साबणाची चव आली तर ठीक. बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसला तर मोकळे कॉस्टिक आहे. लगेच चूळ भरा.

मग कोपराच्या आतल्या बाजूला फेस लावून धुवा आणि एक दिवस वाट पाहा. तान्ह्या बाळाला घरचा साबण लावू नका.

वडीवर हे दिसले तर

पांढरी पिठूळ पुटी, फक्त वरच्या पृष्ठभागावर: हवेशी संबंध येऊन झालेला धुण्याचा सोडा. अपाय नाही, ओल्या कपड्याने पुसली तरी जाते.

थेंब थेंब घाम: साबणातले ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते. कोरड्या फडक्याने टिपा आणि डब्यात ठेवा. वडी खराब झालेली नाही.

नारिंगी ठिपके आणि खवट वास: तेल बिघडले. ती वडी कपड्यांना वापरून संपवा, आणि पुढच्या वेळी पाणी व तेल दोन्ही तपासा.

वर तेलाचा थर, खाली पाणी: ट्रेस खोटा होता. एका दिवसाच्या आत लक्षात आले तर सगळे टोपात घेऊन, हातमोजे आणि चष्मा घालून, ४५ अंशांपर्यंत कोमट करून पुन्हा फिरवा.

वडी कापताना ढासळली: उशिरा कापली. चुरा फेकू नका. तो किसून, अगदी थोड्या पाण्यात मंद आचेवर मऊ करून, साच्यात दाबा. दिसायला ओबडधोबड होते, पण साबण तोच.

विकण्याचा विचार असेल तर

घरात वापरण्यापुरते आणि भेट देण्यापुरते हे सगळे ठीक. जत्रेतल्या किंवा शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारातल्या पाटावर वड्या मांडायच्या असतील, तर अंगाचा साबण हे सौंदर्यप्रसाधन धरले जाते आणि कॉस्मेटिक्स नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. त्याची चौकशी राज्याच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात करा, आणि ती पहिल्या मोठ्या घाण्याच्या आधी करा. परवान्यासाठी जागेपासून लेबलापर्यंत अटी असतात, आणि तीस वड्या वाळून तयार झाल्यावर त्या कळल्या तर फार जड जाते. भेट देतानाही कागदावर चार गोष्टी लिहून द्या: कोणती तेले, कोणता सुगंध, कधी ओतला, कधीपासून वापरायचा. तिळाची ॲलर्जी असलेल्या माणसाला तिळाचे तेल आत आहे हे वडी बघून कळणार नाही.